मुसळी: डबीतली आणि डोंगरावरची

जून उजाडला, दोन-चार दणकून सरी पडल्या की वसई, नालासोपारा, विरारच्या स्टेशनाबाहेर आणि गावागावांतल्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळं येतात, टाकळा येतो, थोड्या दिवसांनी कंटोळी येतात. त्यांच्या शेजारीच गवतासारख्या लांब, हिरव्यागार पानांच्या जुड्या असतात. कुणी त्यांना कुलू म्हणतं, कुणी फोडशी. नव्या इमारतींत राहायला आलेल्या भगिनी बघतात आणि पुढे जातात, कारण त्यांना ते गवतच वाटतं. पण इथल्या जुन्या मुसलमान घरांत ही भाजी ओळखीची आहे. खालचा पांढरा जाड भाग काढायचा, पानं दोन-तीन पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची, भरपूर कांदा परतायचा आणि चणाडाळ किंवा मूठभर जवळा घालून वाफ आणायची. तांदळाच्या भाकरीबरोबर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

याच घरांच्या कपाटात बहुधा आणखी एक वस्तू सापडते. अत्तारांच्या दुकानातून आणलेल्या पांढऱ्या, वाळक्या, सुरकुतलेल्या काड्या. सफेद मुसळी. बाळंतिणीच्या लाडवांत ती कुटून पडते, हकीमसाहेबांच्या माजूनमध्ये असते, आजारातून उठलेल्याला दुधातून दिली जाते. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर 'ताकदी'ची जी औषधं रंगवलेली असतात, त्यांतही हिचंच नाव पुढे केलेलं असतं. त्या जाहिरातींबद्दल इथे अधिक बोलण्याची गरज नाही. एवढंच सांगतो की मुसळीच्या गुणांवर झालेले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, तेव्हा भिंत वाचून कुणी स्वतःवर इलाज सुरू करू नये.

हिरवी जुडी आणि पांढरी काडी एकाच कुटुंबातली आहेत, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतं. फोडशी म्हणून जी पानं येतात ती मुसळीच्या दोन-तीन भाऊबंद जातींची असतात आणि त्यांत खरी सफेद मुसळीही असते. म्हणजे एकाच झाडाचं पान आपण जूनमध्ये खातो आणि मूळ हिवाळ्यात. या महिन्यात आम्हाला लिहायचं आहे ते या झाडाबद्दल, आणि ते आपल्या डोंगरांवर किती दिवस टिकेल याबद्दल.

आधी नावाची गोष्ट. शास्त्रज्ञ सफेद मुसळीला 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम' म्हणतात. नावातच बोरिवली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे फादर सांतापाव हे स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी मोठं काम केलं, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी १९५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या वनस्पतीचं वर्णन छापलं आणि तिला हे नाव दिलं. हकीम, वैद्य आणि आदिवासी तिला पिढ्यान् पिढ्या ओळखत होते. शास्त्राच्या दप्तरात तिची स्वतंत्र नोंद मात्र इतकी उशिरा झाली, आणि ती झाली आपल्या खाडीपलीकडच्या डोंगराच्या नावाने.

आणखी एक गोष्ट आम्हाला नेहमी गमतीची वाटते. युनानी वैद्यक ग्रीसमधून अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे आलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ही मुसळी फक्त हिंदुस्तानात उगवते. इब्न सिनाच्या बुखाऱ्यात ती नाही, बगदादमध्ये नाही. युनानी हकीम या देशात स्थिरावले, इथल्या जंगलातल्या माणसांकडून त्यांनी इथली झाडं ओळखून घेतली, तेव्हा कुठे ती नुस्ख्यांत आली. आपल्या माजूनच्या बरणीत सह्याद्री आणि सातपुड्याची माती आहे ती अशी. आता बाजारात याच नावाखाली शतावरीच्या कुळातल्या एका वेगळ्याच झाडाची मुळंही विकली जातात. काळी मुसळी तर पूर्णपणे निराळी वनस्पती आहे. म्हणून काडी विकत घेताना नुसत्या नावावर जाऊ नये.

आता झाड कसं जगतं ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. मुसळीला खोड असं दिसतच नाही. जमिनीखाली एक छोटी चकती असते. तिच्या खालून बोटांसारखी मांसल मुळं लोंबतात आणि वरून पानं फुटतात. पहिल्या पावसाबरोबर पानं येतात ती गेल्या वर्षी मुळांत साठवलेल्या शिदोरीवर. जुलै-ऑगस्टमध्ये मधून एक दांडा निघतो, त्यावर छोटी पांढरी फुलं येतात, मधमाश्या फिरतात, मग तिधारी बोंडं धरतात आणि त्यांत कांद्याच्या बियांसारखे काळे दाणे तयार होतात. पाऊस सरला की पानं पिवळी पडून गळतात आणि वर काहीच उरत नाही. पुढचे सात-आठ महिने झाड जमिनीखाली झोपलेलं असतं.

दाणे पुष्कळ होतात, पण उगवतात थोडे. शेकडा पंधरा-वीस रुजले तरी नशीब समजायचं. म्हणून लागवड करणारे लोक बी पेरत नाहीत. चकतीचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याला एक-दोन मुळं ठेवतात आणि ते लावतात. नुसतं मूळ लावून झाड येत नाही, चकतीचा अंश हवाच. म्हणजे बाजारात येणाऱ्या गुच्छाची चकतीसुद्धा खणून आणली असेल, तर ते झाड संपलं. तेच चकतीसकट दोन-तीन मुळं परत मातीत दाबली, तर पुढच्या पावसात तिथेच नवं झाड उभं राहतं.

तुकड्यापासून लावलेलं झाड आणि बीपासून आलेलं झाड यांत फरक काय? हा प्रश्न वसईकराला केळीवरून चांगला समजेल. केळीलाही आपण बी पेरत नाही, मुनवे लावतो. मुनवा म्हणजे आईचीच नक्कल. रंग तोच, चव तीच, आणि ज्या रोगापुढे आई टिकत नाही त्यापुढे तोही टिकत नाही. सबंध बाग म्हणजे एकच झाड हजार वेळा लावल्यासारखं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाचं केळं चालत असे. मध्य अमेरिकेत जमिनीतून येणारा मररोग पसरला, त्यात त्या केळीचे मळेच्या मळे गेले आणि व्यापाराला दुसऱ्या जातीकडे वळावं लागलं. आता तोच रोग नव्या रूपात त्या दुसऱ्या जातीच्याही मागे लागला आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याच्या पिकाला करपा लागला. गरिबांच्या शेतांत जवळजवळ एकाच जातीचा बटाटा होता, तोही तुकड्यांपासून लावलेला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. त्यात राज्यकर्त्यांची बेपर्वाई होतीच, पण सुरुवात झाली ती एकसारख्या पिकापासून.

बीची गोष्ट वेगळी. बीमध्ये आई आणि बाप दोघांचा वाटा असतो आणि प्रत्येक दाण्यात तो थोडा निराळा पडतो. एकाच घरातल्या पाच भावंडांपैकी एकाला थंडी सोसते, एकाला ऊन सोसतं, एकाला कसलंच औषध लागत नाही, तसंच. डोंगरावर बीपासून वाढलेल्या मुसळीच्या झाडांत कुणाची मुळं जाड, कुणाची बारीक, कुणी कमी पावसातही तगतं, कुणी बुरशीला दाद देत नाही. या वेगळेपणालाच शास्त्रज्ञ जनुकीय विविधता म्हणतात. शब्द जड आहे, पण आजवर कामाला न आलेले गुण, पुढे कधीतरी लागतील म्हणून कुदरतीने राखून ठेवलेले, एवढाच त्याचा अर्थ.

मग कुणी म्हणेल, आता मुसळीची शेती होते, जंगलातली गेली तर बिघडलं काय? हे आम्हीही ऐकतो. शेती होते हे खरं. सातपुड्याच्या पायथ्याला, अकोट-अंजनगाव सुर्जीच्या भागात मुसळी लावणारे शेतकरी आहेत. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलं, त्याने आधी लक्ष देण्याच्या ज्या ३२ वनस्पती निवडल्या त्यांत सफेद मुसळी होती. त्याच सुमारास राज्यात मुसळीचं वेड पसरलं. एकरी लाखोंच्या कमाईची जाहिरात, लावणीसाठी महागडं बेणं आणि 'माल आम्हीच विकत घेऊ' अशी तोंडी हमी. पुष्कळांनी कर्ज काढून बेणं घेतलं. माल निघाला तेव्हा भाव कोसळला होता आणि हमी देणारे सापडेनात. वेड ओसरलं आणि जाणकार शेतकरी तेवढे टिकले. आमचा मुद्दा भावाचा नाही. त्या लाटेत एका शेतातून दुसऱ्या शेतात जे गेलं ते बेणं होतं, म्हणजे नकलेची नक्कल. अशी शेती हजारो एकरांवर पसरली तरी तिच्यातली वेगळी झाडं मोजकीच राहतात. उद्या मूळकूज आली आणि शेतकऱ्याला टिकाऊ वाण हवं झालं, तर संशोधकाला पुन्हा डोंगरावरच जावं लागणार, आणि डोंगरावर तेव्हा काही उरलेलं असावं लागेल.

असं शोधायला जाणं म्हणजे काय, याचं उदाहरण सह्याद्रीतच आहे. आंबोलीपासून कोयनेपर्यंतच्या दाट जंगलांत नरक्या नावाचं एक छोटं झाड वाढतं. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि भारतात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून 'कॅम्प्टोथेसिन' हे द्रव्य वेगळं केलं. त्यापासून पुढे कर्करोगाची औषधं तयार झाली, आणि ती आज मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या कर्करोगावर वापरली जातात. हेच द्रव्य आपल्या नरक्यातही निघालं. झालं, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, साताऱ्याच्या जंगलांत कुऱ्हाडी चालल्या, झाडं बुंध्यापासून तोडली गेली, ट्रक भरून माल बाहेर गेला. नंतर शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणची झाडं तपासली तेव्हा दिसलं की सगळा नरक्या सारखा नाही. एका ठिकाणच्या झाडात औषधी द्रव्य नावापुरतं, तर दुसऱ्या ठिकाणच्या झाडात कितीतरी पट. मोळ्या बांधून विकल्या गेल्या त्यांत सगळ्यांत चांगली झाडं किती होती, हे आता कुणाला विचारणार?

आता आपल्या भागाकडे येऊ. वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला खाडी, आणि खाडीपलीकडे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. उद्यानाचाच एक तुकडा, नागला, खाडीच्या अलीकडे आपल्या बाजूला आहे. बोरिवली, नागला, तुंगारेश्वर अशी ही साखळी. नकाशावर ती जोडलेली दिसते. पण मधमाशी नकाशा बघत नाही. तिला मध्ये फुलं लागतात. कामण-चिंचोटीकडे पूर्वी जिथे झुडपी माळ होते तिथे आता गोदामं आणि गाळे आहेत, महामार्ग रुंद झाला आहे, डोंगराच्या कुशीपर्यंत चाळी चढल्या आहेत. त्या चाळींत आपलीच माणसं राहतात, पोटासाठी आलेली, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा की एका टेकडीवरची मुसळी दुसऱ्या टेकडीवरच्या मुसळीपासून तुटते. दहा-वीस झाडांचं टोळकं वेगळं पडलं की त्यांचा पराग त्यांच्यातच फिरत राहतो आणि पिढीगणिक वेगळेपण कमी होत जातं. झाडं उभी दिसतात, हिरवीही दिसतात, पण आतून गरीब होत जातात. तोडलेलं जंगल डोळ्यांना दिसतं, हे दिसत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. अभयारण्यातून कुठलीही वनस्पती परवानगीशिवाय काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मना आहे. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना पिढीजात गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर हक्क दिला आहे. बाजारात बसलेली बाई या दोन कायद्यांच्या मधोमध बसलेली असते. तिच्याकडे चोर म्हणून बघणं आम्हाला मान्य नाही. जुडीचे वीस-तीस रुपये म्हणजे तिच्या घरी त्या दिवशीचं मीठ-तेल. आणि डोंगरावर कुठे काय उगवतं हे जर आज कुणाला पाठ असेल, तर तिलाच. डोंगर ओरबाडतात ते घाऊक दलाल, जे हिवाळ्याच्या सुरुवातीला पोत्याच्या हिशेबाने मुळं मागतात आणि दाणे पडले की नाही हे विचारत नाहीत.

मग आपण घरातल्या माणसांनी करायचं काय? भाजी सोडू नका. भाजी खाणारे उरले नाहीत तर झाड ओळखणारेही उरणार नाहीत. फक्त जुडी उचलून खाली बघा. पानं वरून खुडलेली असतील तर खुशाल घ्या. गड्डे लोंबत असतील तर तिला सरळ सांगा, "मावशी, मुळासकट नको आणू, नुसती पानं आण, मी तेवढेच पैसे देईन." ती हसून म्हणेल, "ताई, उपटली की लवकर होतात." बरोबरच आहे, उपटणं सोपं आणि खुडणं वेळखाऊ. तो वेळ विकत घ्यायचा म्हणजे पाच रुपये जास्त द्यायचे आणि भाव करायचा नाही. जुलै अर्धा झाला, दांडा निघायला लागला की ही भाजी घेणंही थांबवावं. तेव्हा पान जून होतं, भाजी चरबरीत लागते आणि झाडाला दाणे धरायचे असतात. अशा वेळी दोघांचाही फायदा एकाच गोष्टीत असतो.

मुळांचं तसंच. घरी माजून किंवा लाडू करायचे असतील तर अत्तारांना विचारा, माल शेतातला की रानातला. बरेचदा उत्तर येतं, "रानातला, अस्सल आहे, म्हणून महाग." अस्सल म्हणजे रानातलं, ही समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. आमच्या मते मुसळीच्या बाबतीत ती सोडून द्यावी. शेतातली मुसळी ही तीच वनस्पती आहे, सोलून नीट वाळवलेली असेल तर नुस्ख्याला चालते, आणि तिची काडी कुठल्या शेतातून आली हे निदान विचारता तरी येतं. रानातली खणून संपवायची आणि तिच्या दहा काड्या लाडवात घालायच्या, यात शहाणपण नाही. बाळंतिणीला किंवा साखरेच्या रुग्णाला देण्याआधी मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावं, मग मुसळी कुठलीही असो.

आणखी एक काम आहे आणि ते सोपंही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि आपल्या हद्दीत काय उगवतं, कोण कशासाठी वापरतं, याची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. आपली वसई-विरार महानगरपालिका २००९ ची, तिलाही हे लागू आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोश' नावाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी सुमारे १७२ कोटी रुपये. स्थानिक पिकांची, गवताळ प्रदेशांची, समुद्री जीवांची आणि जंगलातल्या वनस्पतींची विविधता जपणं हा त्याचा हेतू. पण बी साठवायचं तर बी कुठे आहे हे आधी माहीत हवं, आणि ते कुठल्या कार्यालयात माहीत नसतं. ते आपल्या दादी-नानींना आणि बाजारातल्या त्या मावशीला माहीत असतं. ज्या घरात अजून कुणी वडीलधारं फोडशी, काळी मुसळी, कळलावी, शतावरी नजरेने ओळखतं, त्या घरातल्या मुलामुलींनी एका रविवारी वही घेऊन बसावं. नाव, घरात म्हणतात ते दुसरं नाव, कुठल्या डोंगरावर, कुठल्या महिन्यात, काय उपयोग. कॉलेजात जाणाऱ्यांनी ती वही समितीकडे न्यावी. समिती झोपलेली असेल तर वही दाखवून तिला जागं करावं.

ज्यांच्या घरापुढे अंगण किंवा खिडकीत दोन कुंड्यांची जागा आहे, त्यांच्यासाठी एवढं सांगून थांबतो. मुळासकट आलेली जुडी एखाद्या वेळी हातात पडलीच, तर पानं भाजीला घ्या आणि चकतीसकट मुळं कुंडीत लावा. माती भुसभुशीत हवी आणि पाणी साचता कामा नये, नाहीतर मुळं कुजतात. पहिल्या वर्षी फूल येईलच असं नाही. आलं तर बोंडं तडकण्याआधी काळे दाणे गोळा करून पुढच्या जूनमध्ये शेजारच्या कुंडीत टाका. शंभरांतले दहा उगवले तरी पुष्कळ. आणि दिवाळीच्या सुमारास सगळी पानं वाळून कुंडी रिकामी दिसायला लागली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, मेलं झाड, टाका ती माती. टाकू नका. कुंडी सावलीत सरकवून ठेवा, पाणी बंद करा आणि पाऊस येईपर्यंत तिला हात लावू नका.